लहान जोडीचं काय करायचं

पत्त्याचा कोपरा नखाएवढा उचलला की त्यावरचा आकडा दिसतो. आकड्याखालचं चिन्ह, म्हणजे इस्पिक की बदाम, हे दिसायला तो आणखी साधारण तेवढाच उचलावा लागतो. सासूबाई बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यापर्यंत उचलत. काही वेळा मात्र पहिल्याच टप्प्यावर थांबत आणि पत्ते पुन्हा कापडावर सपाट ठेवत. असं का, हे सुनेला बरेच रविवार कळलं नव्हतं. मग एकदा कामावर, घडवलेल्या एका चिनीमातीच्या दाढेच्या कडा घासताना, तिच्या डोक्यात आपोआप उजेड पडला. एकाच आकड्याचे दोन पत्ते हातात आले की चिन्हं बघायची गरज उरत नाही. ती वेगवेगळीच असणार. एका गड्डीत दोन बदाम पंज्या कुठून येणार? सासूबाई नोकरीत असताना वजनमापं तपासायच्या. गरजेपेक्षा जास्त मोजायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

सुनेने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सवय बदलली असती, आणि मग बाहेरच्या खुर्चीवर बसून, आईंच्या हातात आता जोडी आहे, हे तिला कळलं नसतं.

बाहेरच्या खुर्चीवर बसावं लागे, कारण ही स्पर्धाच जोडीदारांची होती. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खाली चाकं बदलली जात आणि वर दर रविवारी दुपारी पोकर चाले. रबराचा वास जिन्यापासूनच सोबत करी. वर्षातून एकदा टायरवाला ही मोठी स्पर्धा ठेवी. बक्षीस म्हणजे एक पितळी चषक, ज्याचा एक कान गेल्या वर्षीच्या विजेत्यांनी परत करताना वाकवून आणला होता. दोन माणसांचा एक संघ, संघाला चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची, एकच रास. एक जण टेबलाशी, दुसरा भिंतीकडेच्या खुर्चीवर. टायरवाला ठरावीक वेळाने जुन्या रिमवर पाना आपटी. त्या आवाजासरशी दोन गोष्टी होत. जोडीदारांची अदलाबदल होई, आणि ब्लाइंड वाढे. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच आळीपाळीने ज्या चिप्स मध्ये टाकाव्या लागतात त्या. काही न खेळता नुसतं बसून राहिलं तरी ब्लाइंड रास खात राहतो. पहिल्या तासात तो मुंगीसारखा खातो, शेवटी शेवटी उंदरासारखा.

"सासू आणि सून एका राशीवर!" टायरवाल्याने सकाळी नावं घेताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं. "मावशी, पहिल्या फेरीतच भांडणं नकोत. माझ्याकडे फक्त टायरची भांडणं सोडवायची सोय आहे."

"भांडायला आम्हाला घर आहे," सासूबाई म्हणाल्या. "इथे आम्ही तुमच्याशी भांडायला आलोय."

दोघींनी घरून तयारी करून आणली होती. पोकर सासूबाईंनीच शिकवलं होतं. नोकरीतल्या दौऱ्यांवर, सरकारी विश्रामगृहांत, बरोबरच्या माणसांकडून त्या ते शिकल्या होत्या. मोठे पत्ते कसे खेळायचे यावर दोघींचं एकमत होतं. एक्क्यांची जोडी आली तर शेंबडं पोरही चिप्स पुढे ढकलतं, असं सासूबाई म्हणत. वाद होता तो लहान जोड्यांचा. दुर्रीपासून सत्ती-अठ्ठीपर्यंतच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती चीज. हातात आली तेव्हा समोरच्याच्या सुट्या पत्त्यांपेक्षा ती वरचढच असते, पण टेबलावर सगळ्यांच्या सामाईक असे मधले तीन पत्ते उघडले की त्यात कुणा ना कुणाला मोठं काहीतरी लागलेलं असतं, आणि आपली जोडी कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिसरा पत्ता त्याच आकड्याचा उघडला तर मात्र राज्य आपलं. असं सुमारे आठ-नऊ वेळांत एकदा होतं.

सुनेला वाट बघायला आवडे. थोड्या चिप्स टाकायच्या, तिसरा पत्ता येतो का बघायचं, नाही आला तर मुकाट बाजूला व्हायचं. सासूबाईंचं म्हणणं, ही चैन रास मोठी असेपर्यंतच. शेवटी जेवणाच्या टेबलावर दोघींनी करार केला. रास मोठी असेल तर स्वस्तात वाट बघायची. मध्यम असेल आणि समोरून कुणी बोली चढवली असेल तर जोडी टाकून द्यायची, हळहळायचं नाही. आणि रास दहा-बारा ब्लाइंडांइतकीच उरली, कुणी चढवलेलं नसलं, तर तिसऱ्या पत्त्याचा विचारच सोडायचा. आहे ती जोडी घेऊन सगळी रास पुढे ढकलायची, ऑल इन.

"ढकलणारी आपण हवी," सासूबाईंनी बजावलं होतं. "दुसऱ्याने ढकललेल्याला हो म्हणणारी नाही. आपण ढकललं की समोरच्याला विचार करावा लागतो. निम्मे जण विचार करूनच घाबरतात."

"आणि नाही घाबरला कुणी तर?"

"तर पत्ते उघडायचे. नाणं वर फेकण्यापेक्षा बरी अवस्था असते, बहुतेक वेळा. त्याच्याकडे मोठी जोडी निघाली तर मेलोच. पण रोज मरण्यापेक्षा एकदा मेलेलं बरं."

हे सगळं ठरलं तेव्हा त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट होती. तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सून एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे, दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत दात घडवण्याचं काम करी. चिनीमातीचे बारीक थर कुंचल्याने चढवायचे आणि छोट्या भट्टीत भाजायचे. भट्टीत माती आक्रसते, म्हणून दात आधी हवा त्यापेक्षा मोठा घडवावा लागतो. किती मोठा, हे तिच्या बोटांना कळे. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या दंत रुग्णालयाने तिला त्यांच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तिथे भट्ट्या सहा होत्या आणि हाताखाली माणसं. नवरा इमारतींच्या नळांचे आराखडे काढी, त्याचं काम कुठूनही होण्यासारखं. "तू म्हणशील तसं," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुढे जोडलं होतं, "आईचं काय ते एकदा कळू दे, मग ठरवू."

आईचं काय ते कळत नव्हतं. सुनेने नोकरीची बातमी सांगितली तेव्हा त्या "छान झालं" म्हणाल्या आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायला उठल्या. मुलगा आडून आडून विचारी. "तिकडे उन्हाळा जास्त असतो, नाही गं आई?" "सगळीकडेच असतो," आई म्हणे. "तिकडची घरं लहान असतात म्हणतात." "माणसंही सगळीकडे तेवढीच असतात." आई आमच्याबरोबर येतेस का, असं सरळ कुणी विचारलं नाही. आली तर प्रश्नच मिटला, असं नवरा-बायको दोघांनीही मनात धरलं होतं. नाही आली तर काय, हे दोघांनीही मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. घोंगडं भिजतच राहिलं. रुग्णालयाने दोनदा मुदत वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा नम्रपणे कळवलं, की सोमवारी सकाळी उत्तर आलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला विचारतील.

आज रविवार होता.

सुरुवात बरी झाली. पहिल्या फेरीत सून टेबलाशी होती आणि तिला दोन दुर्र्या आल्या. रास मोठी होती. समोरच्याने थोडं चढवलं, तिने तेवढ्याच चिप्स टाकून वाट बघितली. राजा, दश्शी आणि नव्वी उघडली. तिने पत्ते टाकून डाव सोडला. करारातलंच होतं हे, त्यामुळे वाईट वाटायचं कारण नव्हतं. पुढे सासूबाईंनी एका डावात राणीच्या जोडीवर दोघांना बाहेर घालवलं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत सासू-सुनेची रास टेबलावरच्या मोठ्या राशींपैकी होती.

घसरण सुट्टीनंतर सुरू झाली. तीही अशी, की कुणाला पडताना दिसू नये. कोणताही मोठा डाव त्या हरल्या नाहीत. फक्त ब्लाइंड वाढत गेले आणि रास होती तेवढीच, मग थोडी कमी, मग आणखी थोडी कमी. टेबलं दोनाची एक झाली. एकेक संघ उठून जिना उतरला. शेवटी चार उरले. पोस्टातले दोघे कारकून, बेकरीवाला आणि त्याची मुलगी, भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा, आणि ह्या दोघी. टायरवाला स्वतः पत्ते वाटत होता.

रास बारा ब्लाइंडांवर आली तेव्हा टेबलाशी सासूबाई होत्या. सून भिंतीकडून बघत होती. पत्ते आले. सासूबाईंनी कोपरा उचलला, नखाएवढाच, आणि पत्ते सपाट ठेवले.

जोडी. आधी कुणीही चढवलेलं नव्हतं. करार अगदी ह्याच प्रसंगासाठी होता. सासूबाईंचा हात चिप्सकडे गेला, राशीच्या वरच्या चिपवर क्षणभर टेकला, आणि मग त्यांनी पत्ते पुढे सरकवले. टाकले.

"मावशी, झोप येतेय का?" डॉक्टर भिंतीकडून म्हणाले. "सांगा हं. माझं कामच आहे ते."

"तुमच्या हातून झोपणारी माणसं सगळी उठतात का, तेवढं आधी सांगा."

सगळे हसले. सून हसली नाही. आपल्या बघण्यात चूक झाली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मोठा हात असता तर टाकला नसता, तेव्हा लहान जोडीच असणार. पण लहान जोडीचंच तर ठरलं होतं.

रिमवर पाना आपटला. अदलाबदल. खुर्ची सोडताना सासूबाई इतकंच म्हणाल्या, "जपून हं. तुझ्यासाठी बरंच शिल्लक ठेवलंय."

"पत्ते आलेच नाहीत का?"

"येतात, जातात," त्या म्हणाल्या आणि पाण्याच्या पिंपाकडे गेल्या.

त्या फेरीत सुनेलाही जोडी आली. सत्त्या. तिच्याआधी पोस्टवाल्याने पत्ते टाकले होते. ढकल, असं करार म्हणत होता. तिच्या मनात मात्र आलं, हरलो तर आईंना परत बसायलाही मिळणार नाही. त्यांना हा खेळ किती आवडतो. इतक्या लांबवर आल्यात त्या. आणि पुढच्या वर्षी, म्हणजे पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही. तिने ढकलायच्या ऐवजी फक्त ब्लाइंडइतक्या चिप्स टाकल्या. बघू, तिसरा पत्ता येतो का. बेकरीवाल्याने लगेच चढवलं, तिच्या राशीच्या निम्म्याने. आता थांबायचं तर सगळंच घालावं लागलं असतं. तिने सत्त्या टाकल्या. बेकरीवाला मनमोकळा माणूस, त्याने आपले पत्ते उघडून दाखवले. गुलाम आणि नव्वी. काहीच नव्हतं.

"वहिनी, मला काही नव्हतंच," तो म्हणाला. "तुमचं तोंड बघून चढवलं."

"माझ्या तोंडावर काय होतं?"

"परवानगी," तो म्हणाला आणि चिप्स ओढून घेतल्या.

पुन्हा पाना, पुन्हा अदलाबदल. सासूबाई बसल्या. चार-पाच हात नुसते गेले. मग परत त्यांनी कोपरा उचलला, नखाएवढा, आणि ठेवला. त्यांच्याआधी कुणी चढवलेलं नव्हतं. रास आता नऊ ब्लाइंडांची होती. सून खुर्चीवरून अर्धी उठलीच होती. सासूबाईंनी पत्ते टाकले.

सून परत बसली. हा योगायोग नव्हता. चुकत्या तराजूचा काटा दरवेळी एकाच बाजूला झुकतो, हे तिला सासूबाईंनीच शिकवलं होतं.

आणि मग तिला स्वयंपाकघर दिसलं. त्यांच्या घरी रोज रात्री पातेल्यात एक पळीभर काहीतरी उरायचं. भाजी, आमटी, काहीही. सून आईंसाठी ठेवायची, आई सुनेसाठी. "तू घे गं," "नाही, तुम्हीच घ्या," आणि दोघी आपापल्या खोलीत. सकाळी झाकण काढलं की वास यायचा. नवरा नाक धरून म्हणायचा, "आपल्या घरात सगळ्यात जास्त माया कचऱ्याच्या डब्याला मिळते." दोघी हसायच्या आणि त्या रात्री पुन्हा पळीभर उरायचं.

पाना आपटला. सून टेबलाशी आली. रास आठ ब्लाइंडांची. पहिलाच हात. तिने पत्ते उचलले, पुरते उचलले, चिन्हांसकट. इस्पिक पंजी, चौकट पंजी.

पोस्टवाल्याने टाकले. आता पाळी तिची. तिच्यामागे बेकरीवाला आणि डॉक्टर.

ह्या स्पर्धेत टायरवाल्याचा एक स्वतःचा नियम होता. दिवसभरात एकदा, फक्त एकदा, टेबलाशी बसलेल्याला जोडीदाराचा सल्ला घेता येई. खिडकीशी जाऊन, अर्ध्या मिनिटात, कुजबुजत. बहुतेक संघ सकाळीच तो वापरून मोकळे होत. सासू-सुनेने तो अजून जपून ठेवला होता.

"मला विचारायचंय," सून म्हणाली.

"अरे वा! सासूबाईंना विचारल्याशिवाय पान हलत नाही," मेहुणा भिंतीकडून ओरडला.

"तुम्ही तुमच्या मेहुण्यांना विचारता की," बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, "आणि तरी हरता."

टायरवाल्याने मनगट वर केलं. "अर्धं मिनिट. सुरू."

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, आणि उभ्या रचलेल्या टायरांच्या चळती. सासूबाई काठाला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"काय आहे?"

"दोन पंज्या. कुणी चढवलेलं नाही. मागे दोघं."

"मग विचारायचं काय राहिलं?"

"हरले तर तुमचाही खेळ संपतो."

"संपू दे. कपडे वाळत घातलेत, तेवढे जाऊन काढीन."

"आई, तुम्ही मघाशी जोडी टाकलीत. त्याच्या आधीही एकदा."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. एखाद्या दुकानदाराने त्यांच्याच वजनातली खोट दाखवावी, तसं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसलं."

"कोणत्या होत्या?"

"ते नाही दिसत. जोडी होती, एवढंच दिसतं."

"आधी तिर्र्या," त्या सावकाश म्हणाल्या. "आता अठ्ठ्या."

"नऊ ब्लाइंडांवर अठ्ठ्या टाकल्यात? तुम्ही?"

"तुझ्यासाठी ठेवलं गं. म्हटलं, तुला काही चांगलं येईल, तू खेळशील. मी काय, नेहमीच खेळते."

"मी सत्त्या टाकल्या. तुमच्यासाठी."

"पंधरा सेकंद!" टायरवाला ओरडला.

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू आणि चिडणं ह्यांच्या मधला. "म्हणजे दोघी मिळून ब्लाइंडच पोसत बसलो."

"आता काय करू? तुम्ही म्हणाल ते करते."

"मी काहीही म्हणणार नाही." त्या आता कुजबुजत नव्हत्या, पण आवाज खाली होता. "आणि हे पण ऐक, उगाच पुन्हा अशी वेळ मिळायची नाही. घरातल्या त्या गोष्टीत तुम्ही दोघं माझी वाट बघत बसलात, ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? आई आली तर सगळं सोपं, असं धरलंय तुम्ही. मी काही तुमचा तिसरा पत्ता नाही."

"तसं नाही, आई..."

"तसंच आहे. आणि मला खरंच माहीत नाही गं, यायचं की नाही ते. लपवत नाहीये. रोज सकाळी वेगळं वाटतं. कदाचित वर्षभर कळणार नाही. तोपर्यंत तुम्ही काय, तळ्यात-मळ्यात करत उभे राहणार?"

"वेळ संपली!"

सून खुर्चीवर परतली. टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती पत्त्यांच्या पाठींकडे. आपण हरायला घाबरत नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. आपल्यामुळे दुसऱ्याचं काही गेलं असं व्हायला घाबरत होतो. आणि तेवढ्यासाठी एकेक हात जाऊ देत, आपल्यामुळेच दोघींचं जात होतं, फक्त ते कुणाच्या नावावर पडत नव्हतं. थेंबाथेंबाने गेलं की ते कुणी घालवलं, असं कुणी म्हणत नाही.

"वहिनी?" टायरवाला म्हणाला.

ह्या खेळात तोंडून निघालं की ते झालं. चिप्सना हात लावायचीही गरज नसते. बोललेलं मागे घेता येत नाही.

"ऑल इन," ती म्हणाली.

बेकरीवाल्याने पत्ते बघितले, नाक मुरडलं आणि टाकले. राहिले डॉक्टर. त्यांनी पत्ते बघितले, परत बघितले, चष्मा कपाळावर चढवला. डॉक्टरांच्या विचार करण्यात एक पद्धत होती. ते आधी स्वतःच्या चिप्स बघत, मग समोरच्याच्या, मग समोरच्याचा गळा. गळ्याची नाडी बघायची सवय त्यांच्या धंद्यातून आलेली. सुनेने गळा झाकला नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. इतका वेळ वाटत असलेली भीती कुठे गेली, हे तिने जरा शोधलं. ती सापडली नाही. जे करायचं ते करून झालं होतं. पुढचं डॉक्टरांचं काम.

"एक्का आहे हो माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. "चांगला एक्का आहे."

ती त्यांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बघत राहिली.

"सासूबाई काय म्हणाल्या खिडकीशी?"

"कपडे काढायला जाते म्हणाल्या."

मेहुणा भिंतीकडून चुळबुळला. "अहो, घाला ना. बाईंकडे काही नाहीये."

"तू गप रे. तुझं ऐकून मागच्या वर्षी गेलो." डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. आणखी थोडा वेळ गेला. मग त्यांनी पत्ते पुढे सरकवले, पालथेच. "घ्या. आज तुमच्या वाटेला जात नाही."

इतकंच झालं. मधले पत्ते उघडलेच नाहीत. तिसरी पंजी गड्डीत कुठे होती, वर होती की तळाला, हे कुणालाही कळायचं कारण उरलं नाही. टायरवाल्याने ब्लाइंडच्या चिप्स तिच्याकडे सरकवल्या. फार नव्हत्या. आठचे साडेनऊ झाले.

"दाखवा तरी," बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली.

सुनेने पत्ते न दाखवता गड्डीत दिले.

पुढचे हात आले आणि गेले. एकदा तिला राणी आणि गुलाम आले, कुणी चढवलेलं नव्हतं, तिने परत ढकललं. परत सगळ्यांनी टाकले. पोस्टवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. भिंतीकडे तिने बघितलं नाही, पण सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्याचा आवाज तिला आला होता.

मग पाना आपटला.

सून उठली. सासूबाई आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. अदलाबदलीला मिनिटभर मिळे. पोस्टातले दोघे आपसात वाद घालत होते, डॉक्टर मेहुण्याला काहीतरी समजावत होते, टायरवाला पत्ते पिसत होता. खाली कुणीतरी नट आवळत होतं आणि त्याचा खटखट आवाज जमिनीतून पायाला लागत होता.

"दहा झाले," सून राशीकडे बोट करत म्हणाली. "दहा आणि थोडे."

"बघितलं मी." सासूबाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "अजून काही सांगायचंय का? बसले की मला बोलता यायचं नाही."

सुनेने खुर्चीच्या पाठीवरच्या त्यांच्या हाताकडे बघितलं. हा हात इतकी वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासत आला होता, आणि आत्ता काही न मागता तिथे नुसता टेकलेला होता. पुढचं वाक्य तिने अनेकदा मनात घडवून बघितलं होतं. दरवेळी ते 'तुम्ही आलात तर' ने सुरू व्हायचं, आणि दरवेळी तिथेच अडायचं.

"आई," ती म्हणाली. शेजारचे वाद जरा थांबले होते, म्हणून ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "तुम्ही आलात तर मला आवडेल, नाही आलात तर मला वाईट वाटेल. पण उद्या सकाळी मी त्यांना हो कळवणार आहे. मी जाणार आहे."